चष्म्याच्या नंबरापासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत

अमेरिकेतला ऑप्टोमेट्रिस्ट चष्म्याचा नंबर काढतो, कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो आणि त्याच खुर्चीवर लाल डोळा घेऊन कुणी बसले तर औषधाची चिठ्ठीही लिहितो. यातले तिसरे काम त्याला फार उशिरा मिळाले. ते मिळाले राज्यांच्या विधिमंडळांकडून, आणि प्रत्येक राज्याने आपापल्या अटींवर दिले. कॅलिफोर्नियात या अधिकाराला टीपीए प्रमाणपत्र म्हणतात. टीपीए म्हणजे ‘थेराप्युटिक फार्मास्युटिकल एजंट्स’, अर्थात रोग बरा करण्यासाठी वापरायची औषधे. तपासणीपुरत्या वापरायच्या औषधांसाठी डीपीए हे वेगळे नाव आहे. बाहुली मोठी करणारे थेंब, डोळा बधिर करणारे थेंब यांचा त्यात समावेश होतो. या दोन संक्षेपांमधले अंतर कागदावर एका अक्षराचे आहे. ते ओलांडायला कॅलिफोर्नियात या व्यवसायाला जवळजवळ वीस वर्षे लागली.

ऑप्टोमेट्रीचा पहिला कायदा मिनेसोटाने 1901 मध्ये केला, कॅलिफोर्नियाने 1903 मध्ये. त्या वेळी हा व्यवसाय स्वतःला मोठ्या अभिमानाने बिनऔषधांचा व्यवसाय म्हणवत असे. भिंगे, प्रकाश आणि गणित एवढ्यावर त्याचे भागत होते. औषध आले की वैद्यक आले, आणि वैद्यकाच्या कुंपणात शिरायचे नाही, हा अलिखित करार होता. 1968 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर काही मोजक्या ऑप्टोमेट्रिस्टांची बैठक झाली आणि हा करार मोडायचे ठरले. 1971 मध्ये ऱ्होड आयलंडने तपासणीच्या थेंबांना परवानगी दिली. 1976 मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने उपचारांच्या औषधांना दिली. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपात तो अधिकार पोचला. कॅलिफोर्नियाचा टीपीए कायदा 1 जानेवारी 1996 पासून अमलात आला.

मधल्या काळात ज्यांनी व्यवसाय केला, त्यांच्या कामाचे चित्र चमत्कारिक होते. बाहुली मोठी करण्याचे थेंब हाताशी होते, डोळा मोठा करून दाखवणारा स्लिट लॅम्प होता, त्यामुळे आजार दिसत असे. पापणीच्या कडेची सूज, पारपटलावर रुतलेला लोखंडाचा कण, लेन्स घालून झोपणाऱ्या तरुणाच्या डोळ्यातला पांढुरका ठिपका, सगळे स्पष्ट दिसे. पण पुढे लिहायचे काय, तर नेत्रतज्ज्ञांच्या नावे एक पत्र. शहरात ते पत्र दुपारपर्यंत पोचे. राज्याच्या मध्यावरच्या शेतीच्या खोऱ्यातल्या लहान गावांत मात्र जवळचा नेत्रतज्ज्ञ तास-दोन तासांच्या वाटेवर असे आणि त्याची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळे. साध्या जंतुसंसर्गासाठीही रुग्णाला रजा टाकून गाडी काढावी लागे. कायदा बदलायला हवा होता, याचे हे सर्वांत साधे कारण. व्यवसायाची प्रतिष्ठा, उत्पन्न वगैरे कारणेही होतीच. ती नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल.

कायदा झाला तेव्हा खरा पेच नव्या विद्यार्थ्यांचा नव्हताच. त्यांच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात औषधशास्त्र आणि नेत्ररोग आधीच शिरले होते. प्रश्न होता तो पंधरा-वीस वर्षे दुकान चालवून केस पिकलेल्यांचा. म्हणून कॅलिफोर्नियाने अटी पदवीच्या सालावर बांधल्या. राज्यातल्या मान्य महाविद्यालयातून 1996 नंतर पदवी घेतलेल्यांना वर्ग आणि उमेदवारी, म्हणजे मार्गदर्शकाच्या हाताखालचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, दोन्ही माफ. 1992 ते 1996 या पट्ट्यातल्यांना, राष्ट्रीय परीक्षा पुरी झालेली असेल तर, वर्ग माफ, पण उमेदवारी सक्तीची. त्याआधीच्यांना सगळेच: किमान 80 तासांचा वर्ग आणि त्याच्या शेवटी परीक्षा, 20 तासांचा स्वाध्याय, राष्ट्रीय परीक्षा मंडळाची नेत्ररोगांच्या उपचारांवरची ‘टीएमओडी’ ही वेगळी परीक्षा, आणि 65 तासांची उमेदवारी. ती उमेदवारी टीपीए प्रमाणपत्र असलेल्या ऑप्टोमेट्रिस्टाकडे किंवा नेत्रतज्ज्ञाकडेच करायची, दोन महिन्यांच्या आत उरकायची नाही आणि वर्षापलीकडे लांबवायची नाही.

हे आकडे कुठल्या शास्त्रातून आले, असे विचारले तर उत्तर अवघड आहे. ते वाटाघाटीतून आले. नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांना अधिक तास हवे होते, ऑप्टोमेट्रिस्टांच्या संघटनेला कमी. 65 हा आकडा ज्ञानाचे माप नाही, तडजोडीचे माप आहे. सालाची रेघही तशीच. 1995 च्या डिसेंबरात पदवी घेतलेला आणि 1996 च्या मे महिन्यात घेतलेला यांच्या डोक्यात असा काय फरक असणार? पण कायद्याला रेघ कुठेतरी ओढावी लागते, आणि ती ओढली की रेघेच्या अलीकडचा माणूस कुरकुरतो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, गावात नाव असलेल्या ऑप्टोमेट्रिस्टांना शनिवार-रविवार वर्गात बसून तरुण प्राध्यापकांकडून जंतूंची नावे पुन्हा पाठ करावी लागली. त्यात मानहानी वाटण्यासारखे थोडे होते. काहींनी अर्जच केला नाही, आणि निवृत्तीपर्यंत पत्रे लिहीत राहिले.

80 तासांत शिकवतात ते दोन प्रकारचे असते. एक डोळ्याचे, दुसरे डोळ्यापलीकडचे. अनेकांना चकवते ते दुसरे. काचबिंदूसाठी टिमोलॉल नावाचे थेंब अमेरिकेत 1978 पासून वापरात आहेत. डोळ्यात घातलेला थेंब अश्रुमार्गातून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात जातो. टिमोलॉल हृदयाचे ठोके मंदावते, श्वासनलिका आवळते. दमेकऱ्याच्या डोळ्यात तो एक थेंब घातला तर जिवावर बेतू शकते. चष्म्याच्या नंबरासाठी आलेल्या माणसाला ‘दम लागतो का’ असे विचारण्याची सवय ज्याला वीस वर्षांत लागलेली नाही, त्याला ती 80 तासांत लावायची असते. थेंब टाकल्यावर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर मिनिट-दोन मिनिटे बोट दाबून धरायला रुग्णाला सांगावे, म्हणजे औषध नाकात कमी उतरते, ही युक्तीही तिथलीच. ती सांगायला पैसे लागत नाहीत आणि तरीही ती बहुतेक रुग्णांना कुणी सांगत नाही.

स्टिरॉइड हा या वर्गाचा दुसरा मोठा धडा. लाल, दुखरा, सुजलेला डोळा स्टिरॉइडच्या थेंबांनी दोन दिवसांत पांढराशुभ्र होतो आणि रुग्ण दुवा देतो. तेच थेंब हर्पिसच्या विषाणूने पारपटलावर झाडाच्या फांदीसारखा व्रण उमटवलेला असताना घातले, तर फांदीचा नकाशा होतो आणि दृष्टी जाते. फ्लुरेसिन हा नारिंगी रंग डोळ्यात सोडून निळ्या प्रकाशात पाहिले की ती फांदी हिरवी चमकते. न पाहता लिहिले तर साधा लाल डोळाच वाटतो. शिवाय स्टिरॉइडने काही लोकांच्या डोळ्यांतला दाब आठवड्यांत वाढतो, आणि तो वाढताना दुखत नाही.

हे सारे पुस्तकात असतेच. तरीही 80 तासांपेक्षा 65 तासांचे वजन जास्त, असे या वाटेने गेलेल्यांचा अनुभव सांगतो, आणि तो पटण्यासारखा आहे. आठवड्याला चार तास धरले तर उमेदवारी सोळा-सतरा आठवडे चालते. स्वतःचे दुकान एक सकाळ बंद ठेवून दुसऱ्याच्या खोलीत कोपऱ्यात उभे राहायचे. स्लिट लॅम्पला जोडलेल्या दुसऱ्या नळीतून मार्गदर्शकाला जे दिसते तेच पाहायचे आणि तो विचारेपर्यंत बोलायचे नाही. पहिल्या काही आठवड्यांत उमेदवाराची घाई दिसते. लाल डोळा आला की त्याच्या मनात औषधाचे नाव तयार असते. मार्गदर्शक मात्र आधी लेन्स कधी काढली ते विचारतो, मग रात्री काढतो का ते, मग पाण्याने धुतो का ते. नळाच्या पाण्याने लेन्स धुणाऱ्याच्या डोळ्यात अकँथअमीबा असू शकतो, आणि सुरुवातीला तो हर्पिससारखा दिसतो. तीन प्रश्नांत निदानाची दिशा फिरते.

दुसरी गोष्ट उमेदवारीशिवाय शिकता येत नाही: तोच डोळा दुसऱ्या दिवशी पाहणे. पुस्तकातल्या छायाचित्रातला व्रण एकाच दिवसाचा असतो. खोलीत तो सोमवारी एक मिलिमीटर असतो, मंगळवारी त्याची कड जरा विरळ झालेली असते, किंवा झालेली नसते. औषध लागू पडते आहे की नाही हे त्या ‘जरा’मध्ये असते. रुग्ण म्हणतो बरे वाटते, आणि व्रण मात्र वाढलेला असतो, कारण पारपटलाच्या संवेदनाच कमी झालेल्या असतात. अशा वेळी मार्गदर्शक औषध न बदलता फोन उचलतो आणि रुग्णाला त्याच दुपारी पारपटलाच्या तज्ज्ञाकडे धाडतो. उमेदवाराच्या वहीत त्या दिवशी औषधाचे नाव नसते, फक्त वेळ असते.

लहानसहान गोष्टीही तिथेच अंगवळणी पडतात. अमेरिकेत डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्यांची टोपणे रंगांनी ठरलेली आहेत. बाहुली मोठी करणाऱ्यांचे लाल, स्टिरॉइडचे गुलाबी, प्रतिजैविकांचे फिक्कट तपकिरी, टिमोलॉलच्या तीव्र द्रावणाचे पिवळे, काचबिंदूवरच्या प्रोस्टाग्लँडिन थेंबांचे फिरोजी. म्हाताऱ्या रुग्णाला औषधाचे नाव आठवत नाही, टोपणाचा रंग आठवतो. ‘गुलाबी संपले, म्हणून घरातले लाल घातले’ असे ऐकले की दोन दिवस धूसर का दिसत होते ते कळते. आणि डोळा बधिर करणारे थेंब रुग्णाने कितीही गयावया केली तरी घरी द्यायचे नाहीत. ते घालत राहिल्यास पारपटल झिजते आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही.

औषध लिहिण्याचा अधिकार देताना कायद्याने घड्याळही हाती दिले. 1 जानेवारी 2001 पासून कॅलिफोर्नियात लागू झालेल्या सुधारणेत स्टिरॉइडच्या थेंबांसाठी चार मुदती होत्या. निदानानंतर 72 तासांत आजार बळावला तर नेत्रतज्ज्ञाचा सल्ला घ्यायचा. तीन आठवड्यांनी सूज टिकून असेल तरीही घ्यायचा. सहा आठवड्यांनी रुग्ण अजून औषधावरच असेल तर त्याला तज्ज्ञाकडे सोपवायचे, आणि तीन महिन्यांच्या आत आजार उलटला तरीही सोपवायचे. कायद्याच्या पुस्तकात शिरलेले हे वैद्यक बऱ्याच ऑप्टोमेट्रिस्टांना अपमानास्पद वाटे. रुग्ण कधी सोपवायचा हे आमदारांनी सांगावे का? प्रश्न रास्त होता. पण नव्याने सही मिळालेल्या हाताला या मुदतींचा आधारही झाला. तीन आठवडे झाले, आता फोन करायचाच, यात मान-अपमान उरत नाही. पुढच्या सुधारणांनी ही कलमे सैल होत गेली, तोवर त्या मुदती अनेकांच्या सवयीत उतरल्या होत्या.

वेदनाशामकांच्या बाबतीत तर राज्याचे प्रमाणपत्रही पुरत नाही. कोडीन किंवा हायड्रोकोडोन असलेल्या मिश्र गोळ्यांसाठी केंद्र सरकारच्या अमली पदार्थ विभागाची, म्हणजे डीईएची, नोंदणी वेगळी घ्यावी लागते. कॅलिफोर्नियाने त्यांना तीन दिवसांची मर्यादा घातली. तेवढ्यात दुखणे थांबले नाही तर नेत्रतज्ज्ञाकडे. पारपटलावर मोठा ओरखडा उठलेल्या माणसाला पहिल्या रात्री काय वेदना होतात हे पाहिलेल्याला या परवानगीचे मोल कळते.

अटी कशा लिहू नयेत याचा धडा याच कायद्यात काचबिंदूने दिला. 2001 च्या सुधारणेने टीपीएधारकांना काचबिंदूवर औषध देण्याची वाट उघडली, पण वाटेवर दगड असे मांडले की चालणाराच दिसेना. 24 तासांचा वर्ग ठीक होता. त्यापुढे 50 काचबिंदू रुग्णांवर, प्रत्येकावर दोन वर्षे, नेत्रतज्ज्ञाच्या सहकार्याने उपचार करायचे होते. आता हे 50 रुग्ण आणायचे कुठून? काचबिंदूचे निदान होताच रुग्ण नेत्रतज्ज्ञाकडे जातो आणि तिथेच राहतो. जो नेत्रतज्ज्ञ या कायद्याच्या विरोधात आहे त्याने आपले रुग्ण दोन वर्षे वाटून घ्यायला तयार व्हायचे, हीच मुळात अट. त्यात रुग्णाचा विमा बदलतो, तो गाव सोडतो, वारतो. मग मोजणी पुन्हा एकापासून. अट अवघड असणे आणि अट अशक्य असणे यांत फरक आहे. अवघड अटीने माणूस शिकतो, अशक्य अटीने फक्त अर्ज कमी होतात.

2008 मध्ये कायदा पुन्हा बदलला आणि 1 मे 2008 नंतर पदवी घेतलेल्यांना काचबिंदूचे प्रमाणपत्र वेगळे मिळवण्याची गरज उरली नाही. आधीच्यांसाठी 2011 च्या जानेवारीत नवे नियम आले: 24 तासांचा वर्ग, आणि 25 रुग्णांचे वर्षभराचे व्यवस्थापन. त्यांतल्या 15 रुग्णांचे श्रेय 16 तासांच्या प्रकरण-अभ्यासाच्या वर्गातून किंवा प्रत्यक्ष रुग्ण समोर बसवून घेतलेल्या चर्चासत्रातून मिळू शकत होते. नेत्रतज्ज्ञांना हे फार सोपे वाटले. कागदावरचे रुग्ण हे रुग्ण नव्हेत, हा त्यांचा आक्षेप निव्वळ मत्सरातून आलेला नव्हता. काचबिंदू संथ आजार आहे. औषध लागू पडले की नाही हे दृष्टिक्षेत्राच्या चाचण्या वर्षानुवर्षे शेजारी ठेवल्यावर कळते, आणि 16 तासांत कुणाचेही दृष्टिक्षेत्र आकसत नाही. तरीही 50 रुग्ण आणि दोन वर्षांच्या जुन्या अटीपेक्षा ही अट बरी होती, कारण ती पुरी करता येत होती. मॅसॅच्युसेट्सने तर ऑप्टोमेट्रिस्टांना काचबिंदूचा उपचार 2021 च्या पहिल्या दिवशी सही झालेल्या कायद्यानेच दिला, सगळ्या राज्यांच्या शेवटी.

टीपीएला जोडून मिळणारे अश्रुमार्ग धुण्याचे प्रमाणपत्र त्यामानाने साधे आहे: नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली 10 वेळा करून दाखवायचे, रुग्ण बारा वर्षांवरचे. 1 मे 2000 नंतरच्या पदवीधरांना तेही माफ. 2018 पासून लस टोचण्याचेही वेगळे प्रमाणपत्र मिळू लागले. त्यात इन्फ्लुएंझाबरोबर नागिणीची लसही आहे, आणि नागीण कपाळावरून डोळ्यात उतरलेली ज्याने पाहिली त्याला हे औषधांच्या अधिकाराचेच पुढचे पाऊल वाटेल. 2022 मध्ये मात्र लेझर आणि लहान शस्त्रक्रियांची परवानगी देणारे विधेयक विधिमंडळाने मंजूर करूनही राज्यपालांनी परत पाठवले. प्रशिक्षण पुरेसे आहे याची खात्री पटत नाही, असे त्यांचे कारण होते. थोडक्यात, तासांचा तोच जुना वाद.

ब्रिटनने वेगळी रीत धरली. तिथे 2008 च्या कायदेबदलानंतर स्वतंत्रपणे औषध लिहिणारे ऑप्टोमेट्रिस्ट तयार होऊ लागले. त्यांना औषधांची यादी दिलेली नाही. डोळा आणि त्याच्या आसपासच्या भागाच्या आजारांसाठी, स्वतःच्या कुवतीत बसेल ते कोणतेही परवानाप्राप्त औषध लिहावे, फक्त नियंत्रित औषधे आणि इंजेक्शने सोडून. प्रशिक्षणाचा गाभा देखरेखीखालच्या दिवसांचा. यादी नसली की जबाबदारी अंगावर येते, आणि यादी असली की माणूस यादीमागे लपतो. या एका बाबतीत ब्रिटनची रीत उजवी वाटते.

मराठी तरुणांचा या विषयाशी संबंध दोन ठिकाणी येतो. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून ऑप्टोमेट्रीची पदवी घेऊन अमेरिकेत जाणाऱ्याला तिथे परवाना मिळत नाही. त्याला अमेरिकेतली ‘ओडी’ ही व्यावसायिक पदवी पुन्हा घ्यावी लागते. बोस्टनच्या महाविद्यालयासारख्या काही ठिकाणी परदेशी पदवीधरांसाठी दोन वर्षांचा जलद अभ्यासक्रम आहे, पण राष्ट्रीय परीक्षेचे सगळे भाग कुणालाच चुकत नाहीत. मायदेशी तपासणीत मुरलेला हात तिथे औषधाच्या प्रश्नपत्रिकेशी अडखळतो, कारण औषध लिहिणे हे त्याचे काम कधी नव्हतेच.

भारतात चेन्नईला 1985 मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला, 2021 च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टाला आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून मान्यताही दिली, पण औषध लिहिण्याचा हक्क त्यात नाही. शेड्यूल एचमधली औषधे नोंदणीकृत डॉक्टरच्याच चिठ्ठीवर विकावीत असा नियम आहे. प्रत्यक्षात स्टिरॉइडचे थेंब मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय मिळतात. उन्हाळ्यात डोळे खाजणाऱ्या मुलांच्या आया एकदा मिळालेली बाटली वर्षानुवर्षे पुन्हा आणतात, आणि त्यांतली काही मुले शाळेच्या वयात काचबिंदू किंवा मोतीबिंदू घेऊन नेत्ररुग्णालयात पोचतात. कॅलिफोर्नियात ज्या थेंबासाठी 72 तास आणि तीन आठवडे मोजले गेले, तो थेंब इथे सुट्या पैशांच्या बदल्यात हातात पडतो. ऑप्टोमेट्रिस्टाला अधिकार द्यावा की नाही हा वाद इथे व्हायचा तेव्हा होईल. त्याआधी काउंटरवरच्या या थेंबाला आवर घालणे जास्त निकडीचे आहे.

कॅलिफोर्नियात एकदा मिळालेले टीपीए प्रमाणपत्र तसेच भिंतीवर पडून राहू शकत नाही. दर दोन वर्षांनी परवाना नवा करताना 50 तासांचे शिक्षण दाखवावे लागते, त्यांतले 35 तास नेत्ररोगांचे निदान आणि उपचार यांवर, आणि काचबिंदूचे प्रमाणपत्र असल्यास त्या 35 पैकी 10 काचबिंदूवर. परवान्यावर अक्षरे असतात: टीपीए, अश्रुमार्गासह टीपीएल, काचबिंदूसह टीपीजी, दोन्हींसह टीएलजी. रुग्ण ती क्वचितच वाचतो. राज्याच्या संकेतस्थळावर ऑप्टोमेट्रिस्टाचे नाव घालून कुणालाही परवाना तपासता येतो. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या वाचकांनी डोळ्यात औषध घालण्याआधी एकदा तपासून पाहावा.